भिंती कालही जाड होत्या

वाइंडिंगच्या काकींनी कुणाला “नवीन घ्या” असं म्हटल्याचं मी एकदाही ऐकलं नाही. जळकी मोटार असो, मिक्सर असो, नाहीतर विजेच्या दणक्यानं मेलेला वायफायचा डबा असो, वस्तू पुढ्यात आली की त्या आधी तिच्याकडे रागानं बघत. मग अंबाड्यात खोचलेला टेस्टर काढत आणि म्हणत, “कारण सांग. सांगितल्याबिगर तुला सोडणार न्हाय.” हे त्या वस्तूला असे. माणसांशी त्या जरा सौम्य बोलत असं म्हणावं, तर तेही खरं नाही.

पणदऱ्याच्या स्टँडजवळ त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी तिथं येत. आतली काळी पडलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, म्हणजे वाइंडिंग करायचं, हा त्यांच्या नवऱ्याचा धंदा. तो अचानक गेला तेव्हा काकी पस्तिशीच्या होत्या. भावकीनं ठरवलं, दुकान भाड्यानं द्यायचं आणि काकींनी कऱ्हाटीला माहेरी जायचं. काकींनी काही वाद घातला नाही. दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट चढवला, दुकानाचं शटर वर केलं आणि अर्धवट राहिलेली एक मोटार पुढ्यात ओढली. दहा वर्षं नवऱ्याशेजारी बसून त्यांनी ती तार मोजून दिली होती. हात शिकला होता, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

पहिले सहा महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. एक बागायतदार तर तोंडावर म्हणाला, “बाईनं गुंडाळलेली मोटार पाण्यात सोडू व्हय मी?” काकी म्हणाल्या, “सोडा. जळली तर माझ्या घरची मोटार उपसून न्या.” त्याची मोटार पुढं सात वर्षं चालली. हे मला काकींनी नाही, त्या बागायतदारानंच सांगितलं, आणि सांगताना त्याचा चेहरा अजूनही थोडा पडलेला होता.

मी बारामतीची. लग्न होऊन पणदऱ्याच्या वस्तीवर आले. माझं काम जरा वेगळं आहे. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. पुण्यातली एक संस्था पुस्तकं पाठवते, मी घरी बसून वाचते आणि फाइली इंटरनेटवरून पाठवते. लॅपटॉपमध्ये जागा कमी, म्हणून रेकॉर्डिंग झालं की ते बाहेरच्या बॅकअप ड्राइव्हवर टाकून लॅपटॉपमधून पुसायचं, अशी माझी पद्धत. काकींना हे काम कळल्यापासून त्या मला ‘मास्तरीणबाई’ म्हणत.

त्या वर्षी सासूबाई घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणाला खिळल्या, नवरा कारखान्यावर ड्यूटीला, घरात मी एकटी. नेमकं तेव्हाच आमचं वायफाय बिघडलं. दिवसातून दहादा जायचं, आपोआप यायचं, फाइल निम्मी गेली की पुन्हा पहिल्यापासून. वर तो ड्राइव्हही मधेच ‘टक्’ असा आवाज करून लॅपटॉपवरून गायब व्हायचा. कंपनीचा माणूस दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं डबा बंद केला, चालू केला, “बघा मॅडम, आलं,” म्हणाला आणि गेला. तो वळणावर पोचेपर्यंत नेटही गेलेलं असायचं.

दहावीच्या विज्ञानाचं पुस्तक हातात होतं. चौदा धडे रेकॉर्ड झालेले, परीक्षा तोंडावर. संस्थेच्या ताई फोनवर म्हणाल्या, “तुमची अडचण कळते हो, पण मुलं थांबलीयेत. आठवडाभर पुण्यात येऊन काम पूर्ण करा, नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल.” सासूबाईंना कूस बदलायलाही माणूस लागायचा. पुणे मला त्या आठवड्यात चंद्राइतकं लांब होतं. सासूबाईंनीच सुचवलं, “त्या वाइंडिंगवालीला बोलीव. भांडकुदळ हाय, पर डोकं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आल्या. आल्या आल्या डबा उघडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी हातही लावला नाही. सासूबाईंच्या गादीशेजारी मांडी घातली आणि मला म्हणाल्या, “तुजं काम कर रोजच्यावानी. मी हितं न्हायच असं समज.”

“काकी, बंद करून चालू करू का एकदा?”

“झोपलेल्याला उठीवलं म्हंजे आजार बरा हुतो का? बस गप.”

तासाभरानं टाकीत पाणी चढवायला मी मोटारीचं बटण दाबलं. काकींची नजर डब्यावर होती. त्यावरचे दिवे विझले आणि मिनिटभरानं एकेक करून लागले. “परत दाब,” त्या म्हणाल्या. मी परत दाबलं, परत विझले. त्यांनी मेन स्विच पाडला, बोर्डाचं झाकण काढलं. आतली एक तार स्क्रूपाशी ढिली होऊन काळी पडलेली. मोटार सुरू झाली की वीज दबायची आणि डबा बंद पडून पुन्हा उठायचा. काकींनी तार सोलून घट्ट आवळली. “हे एक,” त्या म्हणाल्या. “आजून हायेत. एवढं भांडण एका माणसाचं नसतंय.”

खरंच होतं. नेट आता टिकलं, पण ड्राइव्हनं दगा दिला. टक् झालं आणि स्क्रीनवर चौकट आली: ड्राइव्ह वापरण्यासाठी तो फॉरमॅट करा. माझे चौदा धडे त्यात, आणि फक्त त्यातच. घाबरलेल्या माणसाला पुढ्यात जे बटण दिसतं ते तो दाबतो. माझं बोट गेलंच होतं.

“हात काढ!” काकी एवढ्या जोरात ओरडल्या की सासूबाई दचकल्या. “काय लिवलंय ते वाच मला.”

मी वाचून दाखवलं. फॉरमॅट म्हणजे काय, तेही सांगितलं.

“म्हंजे सगळं पुसा आन् मग वापरा. पाय दुखतोय म्हनून तोडा, अशातली गत. न्हाय म्हन त्याला.”

मी ‘नाही’ दाबलं. काकींनी ड्राइव्हची वायर बोटांत धरून शेवटापर्यंत चाचपली. टेबलावर ऐसपैस जागा व्हावी म्हणून मी लांबलचक, स्वस्तातली वायर लावली होती, तीही मधे एक यूएसबी हब घालून. “एवढी बारीक वायर, एवढी लांब, आन् मधी हा जोड. टोकाला पोचंस्तवर विजेत जीव राहील का? पाच हॉर्सपावरच्या मोटारीला घंटीची तार जोडल्यावानी केलंयस.” ड्राइव्हबरोबर आलेली आखूड वायर मी खणातून शोधून काढली आणि थेट लॅपटॉपला जोडली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग चौदा धडे ओळीनं दिसले. मी काकींच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. त्यांनी पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाल्या, “आता बास. तिसरं राह्यलंय.”

तिसरं सर्वांत चक्रम होतं. ड्राइव्ह आता टिकत होता, नेट टिकत होतं, पण ड्राइव्हवर फाइल जायला लागली की नेट मरायचं. तेवढ्यात कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा आला. त्यानं घरभर नजर फिरवली आणि म्हणाला, “मॅडम, तुमच्या भिंती जाड आहेत. जुनं बांधकाम. मोठा राउटर घ्यावा लागेल.”

काकी उठल्या. “भिंती कालबी जाड हुत्या. मागं चालत हुतं, आता चालत न्हाय. आन् डबा तर ह्याच टेबलावर हाय. मधी भिंत कुठाय?”

“काकू, तुम्हाला नाही कळणार, हे टेक्निकल असतं.”

मला वाटलं, आता टेस्टर निघतो. पण काकी शांतपणे म्हणाल्या, “कळत न्हाय म्हनून तर बघतीय. तुमी कळतंय म्हनून बघत न्हाय.” आणि त्यांनी डब्याला टेकून ठेवलेला ड्राइव्ह उचलला, वायर पुरेल तेवढा लांब नेला. नेट आलं. जवळ आणला, गेलं. लांब नेला, आलं. चार वेळा केलं. तो माणूस स्वतःच्या मोबाइलवर बघत राहिला.

“शेजारी बसलं की एकमेकाला बोलू देत न्हाईत,” काकी म्हणाल्या. “पंगतीत अशी दोन मानसं लांब लांब बसवायची असत्यात.”

मागाहून मी शोधून वाचलं. अशा वेगवान ड्राइव्हच्या वायरीतून जो गोंगाट बाहेर पडतो, तो साध्या वायफायच्या लहरींच्याच पट्ट्यात येतो आणि त्यांना दाबून टाकतो. काकींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त बघितलं होतं.

जाताना तो माणूस मोबाइलवर तक्रारीचा अहवाल भरत होता. काकींनी त्याला वाचून दाखवायला लावलं. त्यानं लिहिलं होतं, ‘घराच्या रचनेमुळे दोष’. काकी दारात आडव्या उभ्या राहिल्या. “लबाड लिवू नको बाबा. ‘मला कारण सापडलं न्हाय’ असं लिव. त्यात लाज न्हाय. आमच्या धंद्यात रोज सापडत न्हाय. पर ते म्हनायची लाज वाटली की मानूस खोटं कारन सांगतो आन् दुसऱ्याच्या भिंतीवर ढकलतो.” शेवटी त्यानं ते खोडलं आणि खरं लिहिलं. चहा पिऊन गेला. पुढं त्याच माणसाला काकींच्या दुकानात दोन बंद राउटर घेऊन बसलेलं मी पाहिलं.

पुस्तक वेळेत गेलं. काकींनी मात्र मला सोडलं नाही. “धडे एकाच डबीत ठिवलेस? एका विहिरीवर ऊस लावनाऱ्याला आमी येडा म्हनतो. दुसरी विहीर बघ.” तेव्हापासून माझ्या कामाची एक प्रत पणदऱ्यात असते आणि एक बारामतीला आईच्या कपाटात.

दोन वर्षांनी काकींना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. मुलगा इंदापूरला नोकरीला. तो येऊन त्यांना घेऊन गेला, दुकानातलं वाइंडिंगचं मशीनही टेम्पोत घालून नेलं. मी भेटायला गेले तेव्हा मनात अपराध्यासारखं वाटत होतं. अंथरुणावरच्या काकी बघायची माझी तयारी नव्हती.

काकी अंथरुणावर नव्हत्या. मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या आणि समोर त्यांची सून वर्षा, हातात निळी केबल धरून, घामाघूम. ही वर्षा साधा बल्ब बदलायलाही शेजाऱ्यांना हाक मारणारी. झालं होतं असं की काकींच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. मुलगा म्हणाला होता, “आई, तुला नेट काय करायचंय? आराम कर.” काकी म्हणाल्या होत्या, “मला नको असंल. पर का येत न्हाय ते कळाया नको का?” आणि मुलगा कामावर गेल्यावर त्यांनी सुनेला बसवलं होतं. बाहेरच्या डब्यापासून केबल आणून या खोलीत दुसरा डबा लावायचा होता. केबलच्या आत आठ रंगांच्या बारीक तारा, त्या ठरावीक क्रमानं छोट्या प्लगमध्ये घालून पकडीनं दाबायच्या. वर्षाच्या तारा पुन्हा पुन्हा निसटत होत्या.

“आई, माझा हात थरथरतोय. नाही जमायचं.”

“थरथरू दे,” काकी म्हणाल्या. “माजा तर हलतच न्हाय.”

वर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा तारा सरळ केल्या. मी तासभर होते, तेवढ्यात दोन प्लग वाया गेले, तिसरा बसला. खोलीत नेट आलं तेव्हा काकींनी ते वापरलं नाहीच, फक्त डब्यावरचा हिरवा दिवा बघून मान हलवली. निघताना मी पाया पडले. त्या म्हणाल्या, “माज्याकडं असं बघू नको. डावा हात शिकतोय. टाइम लागंल.”

तो वेळ त्यांना मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात दुसरा झटका आला आणि काकी गेल्या.

तेराव्याला मी इंदापूरला गेले होते. पंगत बसली होती. काकींचा मुलगा पाहुण्यांना सांगत होता की अंगणात ताडपत्रीखाली ते मशीन उगाच गंजत पडलंय, सोमवारी भंगारवाल्याला सांगितलंय. पाहुणे मान डोलावत होते. वर्षा भात वाढत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं.

“ते मशीन कुठंही जाणार नाही.”

नवरा म्हणाला, “अगं, कोण वापरणार ते?”

“मी.”

“तुला येतं का?”

“अजून नाही,” वर्षा म्हणाली, आणि पातेलं उचलून पुढच्या पानाकडे वळली.