कोरड्या हवेचं गाव

रेगेकाकांनी दार उघडलं आणि माझं नाव विचारायच्या आधीच म्हणाले, "आर्द्रता ब्याण्णव टक्के. छत्री बाहेरच ठेव." मी पुण्याहून प्रोजेक्टवर कॉव्हेंट्रीला आले होते. कंपनीने दिलेले हॉटेलचे दोन आठवडे संपत आले होते आणि ऑफिसातल्या कुणीतरी या घराच्या मागच्या खोलीचा पत्ता दिला होता. नोव्हेंबर महिना, चार वाजताच दिवे लागलेले. मी छत्री ठेवली, बूट काढले. मग त्यांनी मला नीट न्याहाळून दुसरा प्रश्न विचारला, "तू कशी, दमट की कोरडी?" मी मुळातच तिरसट आहे. म्हटलं, "कोरडी." "मग जमेल," म्हणाले, आणि खोली मला मिळाली.

जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकारची माणसं. विचारल्यावर सरळ उत्तर देणारा तो कोरडा. उसासे टाकणारा, गळ्यात पडणारा, दारातून निघता निघता अर्धा तास रडगाणं गाणारा तो दमट. माझा मॅनेजर त्यांनी न बघताच दमट ठरवला, आणि तो होताही. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींबद्दल एकदा म्हणाले, "दमट. बुरशी यायचीच काय ती बाकी आहे." मी विचारलं, "आणि काकू?" तेव्हा चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "तिला मी मोजत नाही."

तीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात मशीनचे सुटे भाग तपासायचं काम केलं होतं. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी माल परत. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा ते हवेच्या मागे लागले. पण त्यातही तऱ्हा अशी, की हवा मोजायची ती नुसती आपल्या गावची नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी चौकटीचा कागद डकवला होता. त्यावर निळी रेघ कॉव्हेंट्रीची आणि लाल रेघ स्पेनच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावाची. रोज सकाळी पेपरच्या शेवटच्या पानावरचा परदेशी तापमानांचा तक्ता कात्रीने कापायचा आणि रेघ पुढे न्यायची. मी बस चुकली म्हणून करवादत खाली यायचे, बाहेर पिरपिर चालू असायची, आणि काका चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे, "तिथे सतरा. लख्ख ऊन." सासुरवाशीण माहेराबद्दल बोलते तसं त्यांचं ते 'तिथे' असायचं.

हे सगळं मालतीकाकूंसाठी होतं. काकूंच्या छातीचं दुखणं जुनं. आधी नुसता खोकला, मग दमा, मग हिवाळा आला की हॉस्पिटल. मी आले त्याच वर्षी जानेवारीत त्या अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. कुणा डॉक्टरने घरी सोडताना सहज म्हटलं होतं, की यांना जरा कोरडी हवा मानवेल. डॉक्टर बोलून गेला आणि विसरला असेल. काकांनी ते देववाणीसारखं धरलं.

"पावसाला माझी ना नाही," काका म्हणायचे. "आम्ही कोकणातले. पण पावसाला काही वेळकाळ हवा. इथला पाऊस म्हणजे न कळवता आलेला पाहुणा, जायचं नाव घेत नाही." मग भूमध्य समुद्राकाठच्या हवेचं कौतुक सुरू व्हायचं. "आपल्याकडच्या नेमकं उलटं बघ. उन्हाळा कडकडीत कोरडा, थेंब नाही. पाऊस काय तो थंडीच्या तोंडावर, दोन-चार दिवस धो धो, की आटोपलं. आणि भर हिवाळ्यात अंगणात खुर्ची टाकून बसावं असं ऊन. अशा हवेत माणूस आजारी पडेलच कशाला?" काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "अहो, तिकडेही दवाखाने असतीलच की." काका म्हणायचे, "असतील. रिकामे."

या उद्योगात मीही पुरती सामील झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पेपरातल्या तक्त्यात दिवसाचा एकच आकडा यायचा. मी इंटरनेटवरून पाच गावांची दहा-दहा वर्षांची सरासरी काढून दिली. पाऊस किती, ऊन किती तास, सगळ्याचे रंगीत आलेख ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणले. काका ते आलेख उशाशी ठेवून झोपायचे. आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचे, "ही आमच्या हवामान खात्याची बाई." आयुष्यात माझं इतकं कौतुक कुठल्याच बॉसने केलेलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले, दुसरं काय.

काकूंचं मात्र सगळं कॉव्हेंट्रीत होतं. दर शनिवारी त्या मंडळाच्या हॉलमध्ये तिथे जन्मलेल्या मुलांना मराठी शिकवायच्या. "काकू, माझी पाय दुखतो," असं एखादी चिमुरडी म्हणाली की काकू आधी पाय बघायच्या आणि मग व्याकरण. खोकल्याची उबळ आली की मुलं आपणहून पाण्याचा ग्लास आणून द्यायची. एका रविवारी काका बाहेर गेलेले असताना त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं.

"शुभदा, मला नाही गं जायचं तिकडे," काकू म्हणाल्या. "खोकला इथला आहे खरा, पण माणसंही इथलीच आहेत. तिथे मी कुणाशी बोलू?"

"मग काकांना सांगा ना."

"कसं सांगू? चार वर्षं मला धाप लागली की हे जिन्यात बसून राहायचे. आता कुठे त्यांना वाटतंय की आपल्या हातात काही आहे. माझ्या तोंडून ऐकलं तर वाटेल, बाईने जगायची आशाच सोडली. तू सांग. तुझं ऐकतात ते."

मी "सांगते" म्हटलं. त्या आठवड्यात काकांनी मला नवा कागद दाखवला. गाव ठरलं होतं, घरही ठरत आलं होतं, आणि शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. माझं धाडस झालं नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, आलेख माझे होते. माझ्याच आलेखांच्या विरुद्ध मी काय बोलणार? मी मूग गिळून बसले. काकूंनी नंतर एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं, मी नजर चुकवली, आणि तो विषय तिथेच संपला.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात दोघं गेली. कॉव्हेंट्रीचं घर भाड्याने दिलं, मी लंडनकडे, हाउन्सलोला नवी नोकरी धरली. काकांचे फोन यायचे. "आज एकवीस. मालतीने बिनबाह्यांचं पोलकं घातलंय." पहिला हिवाळा काकू बऱ्या होत्या असं ते सांगायचे. काकू फोनवर आल्या की म्हणायच्या, "समुद्र छान आहे हो." दुसऱ्या हिवाळ्यात त्या फोनवर यायच्याच बंद झाल्या. तेव्हा मी चार दिवसांची रजा टाकून गेले.

फेब्रुवारी होता. विमानतळाबाहेर आले तर खरंच लख्ख ऊन. मी कोट काढून हातावर घेतला. काकांच्या दारात पोचले, आत पाऊल टाकलं, आणि कोट परत अंगात घातला. फरशी बर्फासारखी. ती घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी: जाड भिंती, दगडी फरशी, बारीक खिडक्या, आणि गरम ठेवायची सोय नाही. काकू दोन स्वेटर, शाल, पायांत लोकरी मोजे अशा खुर्चीत बसलेल्या. शेजारी सिलिंडरवरची शेगडी फुरफुरत होती, काचांवरून पाणी ओघळत होतं आणि कपाटामागची भिंत काळी पडली होती. खिडक्यांच्या फटी काकांनी कॉव्हेंट्रीहून आणलेल्या फोमच्या पट्टीने बंद केल्या होत्या. ऑक्टोबर लागला की खिडक्या बंद, त्या एप्रिलपर्यंत. इंग्लंडमध्ये पस्तीस वर्षं तसंच केलं होतं.

"काका, बाहेर घरापेक्षा ऊब आहे," मी म्हटलं.

"वारा असतो. मालतीला वारा चालत नाही. मला हिवाळा शिकवू नकोस, शुभदा."

समोरच्या घरात पिलार नावाची एक म्हातारी राहायची. ती रोज अकरा वाजता घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघडायची, गल्लीत उन्हात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायची आणि चार वाजता सगळं बंद करून टाकायची. काकूंना बघितलं की हाताने बोलवायची. काका दारातूनच हसून नाही म्हणायचे. त्यांना वाटायचं, बाई गरीब आहे, शेगडी परवडत नसेल.

तिसऱ्या दिवशी पिलारबाई सूप घेऊन आल्या, भिंतीकडे बघितलं, नाकाला पदर लावावा तसा हात लावला आणि काकांना न विचारता एकेक खिडकी उघडत सुटल्या. पट्ट्या टराटरा फाटल्या. काका तांबडेलाल झाले. "ही कोण मला सांगणार?" असं मराठीत ओरडले. बाईंनी लक्ष दिलं नाही. जाताना काकूंच्या गालाला हात लावला आणि निघून गेल्या. काका तिरीमिरीत आत गेले, अंगणातला थर्मामीटर आणून काकूंच्या खुर्चीला टांगला. मला आणि बाईंना खोटं पाडायचं होतं त्यांना. अकरा अंश होते. तासाने चौदा झाले. घर पूर्वीपेक्षा गरम झालं होतं, आणि काचा कोरड्या झाल्या होत्या.

काकांनी त्या काचेवर बोट फिरवून बघितलं. मग हळूच म्हणाले, "दीड वर्षात मी आतलं कधी बघितलंच नाही." काकू म्हणाल्या, "असू दे हो. कळलं ना आता." त्या दिवशी त्या पिलारबाईंच्या शेजारी गल्लीत बसल्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, तरी शेंगा सोलत काहीबाही बोलत होत्या. समुद्राकडून दमट वारा येत होता, तो माझ्या एकाही आलेखात नव्हता. कोकणातल्या माणसाला समुद्राची हवा कशी असते हे मी सांगायला हवं होतं असं नाही, पण आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही, हे खरं.

मार्चमध्ये काकूंना न्यूमोनिया झाला. आठव्या दिवशी गेल्या. काकांचा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते. त्यांनी तापमान सांगितलं नाही, तेव्हाच मला कळलं.

जूनमध्ये काका कॉव्हेंट्रीला परत आले. पुढे ते दोनच वर्षं जगले. ते गेल्याचं मला मंडळातल्या एका बाईंनी कळवलं. पण आठवतात ते मला त्या जूनमधल्या शनिवारचे. मी त्यांना भेटायला हाउन्सलोहून गेले होते. भाडेकरू गेले होते, घरात सामान अर्धंच लागलेलं. काकांनी मला पोहे करून दिले. मीठ जास्त होतं, ते मी बोलले नाही. बाहेर पाऊस पडत होता आणि ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला ते बघवेना. मी म्हटलं, "काका, तुम्ही काकूंसाठीच केलंत सगळं. स्वतःला दोष देऊ नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक विचारू? तुझ्याशी ती बोलायची. तिला जायचं होतं ना गं तिकडे?"

मनात आलं, सांगून टाकावं. मग वाटलं, आता सांगून कुणाचं भलं होणार आहे? हा माणूस रात्र कशी काढेल?

"हो काका," मी म्हटलं. "खूप जायचं होतं. माझ्याशी नेहमी बोलायच्या."

काकांनी माझी बशी उचलली, नळाखाली धरली, पुसून जागेवर ठेवली. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "खरं सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी "चला, येते" म्हटलं आणि बाहेर पडले. स्टेशनपर्यंत रडत गेले. खरं सांगायचं होतं ते त्या दिवशी नव्हे. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं होतं, त्याच आठवड्यात सांगायला हवं होतं.