कण्हणारं यंत्र

अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन चुकतं. चौथीपर्यंतच शिकले. हे कुणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते.

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडलोट करते. तिथे उसाच्या चिपाडांचा आणि रद्दीचा लगदा जात्यासारख्या दोन दगडांतून पुन्हा पुन्हा दळतात. त्याचे धागे इतके बारीक होतात की दिसत नाहीत, नुसती खळ दिसते. लगदा चिवट असला की यंत्र कण्हतं. माझी आई तसंच कण्हायची. दोरासाठी ओढ्यात भिजत घातलेली अंबाडी पाणी कमी असलं की नीट कुजायची नाही. मग तिचा वाख, म्हणजे दोराचे धागे, सुटेपर्यंत ती वाकून ठोकत राहायची, प्रत्येक ठोक्याला एक ‘हं’. त्यातच ती संपली.

“मावशी, मीटर बघा कसा पळतोय,” तिथल्या मॅडम म्हणतात. “एवढी वीज खाल्ली तर आपली महागडी खळ विकत घेणार कोण?”

आईला मीटर नव्हता. तिचं किती खर्च झालं, कुणी लिहून ठेवलं नाही.

परवा मॅडमनी एक पावडर दिली. “यात भिजत घाला, लगदा आधीच सैल पडेल.” डबा हातात घेऊन मी थांबले. कण्हणं थांबलं तर आई मला कुठे ऐकू येणार? थोडी कमी टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. पण सगळी टाकली.

सकाळी यंत्र अगदी हलकं फिरलं.

“मावशी, मीटर आज दमानं चाललाय,” मॅडम हसल्या.

मी कोपऱ्यातलं स्टूल पुसलं आणि यंत्राशेजारी रिकामंच ठेवलं. आईला टेकायला.