प्रभूचं दीड वर्ष

आखाडा बाळापूरला आमच्या सुनेचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पुनम तिचं नाव. मी तिचा सासरा, रामकिशन गुरुजी, रिटायर मास्तर. दुकानात मला तसं काही काम नाही. पोरांना नंबरानं बसवायचं, सही विसरलेल्यावर ओरडायचं आणि चहा सांगायचा. माऊसला मात्र पुनम मला हात लावू देत नाही. मागं एकदा मी एकाचा फॉर्म फोटो न टाकताच सबमिट करून टाकला होता. तेव्हापासून 'मामा, तुमी बसा' एवढंच म्हणते.

या दुकानात येणाऱ्या निम्म्या पोरांच्या दाखल्यावर माझं अक्षर आहे. आणि त्यातल्या निम्म्यांची जन्मतारीख एक जून. पुनम हसते. म्हणते, मामा, अर्धा जिल्हा एकाच दिवशी जन्मला का? जन्मला नाही बाई, आम्ही मास्तरांनी जन्माला घातला. आईबापांना तारीख ठाऊक नसायची. कुणी म्हणायचं पोळ्याच्या आसपास, कुणी म्हणायचं थोरल्या दिराच्या लग्नाच्या वर्षी. आता हे रजिस्टरात कसं लिहायचं? शाळा जूनात उघडायची, मग ठोका एक जून. आम्हालाही सोपं, त्यांनाही सोपं.

त्या एक जूनवाल्यांतला एक प्रभू. त्याचंच सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो.

सन अठ्ठ्याण्णवला मी डोंगरकड्याकडच्या एका वस्तीवर होतो. दोन खोल्यांची शाळा. वस्तीवर नामाजी धनगराचं घर होतं, दीडशे मेंढरं, दोन लेकरं. मोहिनी सहा वर्षांची, प्रभू तिच्या पाठचा. त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की वस्तीवरची एकही पोरगी शाळेबाहेर ठेवायची नाही. तीन बार नामाजीच्या दारात गेलो. त्याची बायको यशोदाबाई काही ऐकेना. तिचं म्हणणं साधं होतं, आम्ही दोघं मेंढरांमागं, मग बारक्याला कोण बघणार? पोरगी शाळेत गेली तर हे लेकरू कुठं टाकू?

मी म्हणालो, त्यालाही आण.

आणलं. पण साडेचार वर्षांचं पोर नाव न घालता रोज वर्गात बसवलं तर तपासणीला उत्तर कोण देणार? मी दोघांचीही नावं घातली, पहिलीत, एकाच पानावर, एकाखाली एक. दोघांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे ब्याण्णव. कागदावर जुळी करून टाकली. खरं तर प्रभू त्याच्या पुढच्या वर्षीच्या दिवाळीतला. यशोदाबाईनं मला तसं सांगितलंही होतं, मेंढरं वसमतकडं होती, तिकडंच रानात बाळंत झाले म्हणून. ग्रामपंचायतीत नोंद कुठली असायला? मी दीड वर्ष वाढवलं आणि छाती फुगवून घरी गेलो. एका पोरीची शाळा वाचवली याचा मला लई अभिमान होता.

मोहिनी सातवीपर्यंत शिकली. मग लग्न झालं. आता वसमतकडं हळदीत निंदायला जाते. आणि ज्याला नुसतं सांभाळायला म्हणून आणलं होतं, ते पोर शिकत गेलं. पहिल्या वर्षी बहिणीच्या मांडीवर झोपायचं, दुसऱ्या वर्षी पाढे तिच्याआधी म्हणायला लागलं. दहावी झालं, बारावी झालं, बी.ए. झालं. घरात कॉलेजचं तोंड बघितलेला पहिला माणूस.

तिथून पुढं त्याचं सगळं आयुष्य फॉर्मवर गेलं. भरतीची जाहिरात चार-चार वर्षं निघायची नाही. निघाली तर परीक्षा लांबायची. परीक्षा झाली तर निकाल अडकायचा. एकदा दोन मार्कांनी राहिला. दुकानात यायचा, युरियाच्या पिशवीत कागद नीट घडी करून आणायचा, आणि पुनम टाईप करायची तोवर ओठ हलवत वाचायचा. मी म्हणायचो, अरे, मनातल्या मनात वाच. लाजायचा.

भरतीच्या मागं लागून पोट भरत नाही हे त्यालाही कळत होतं. म्हणून नोकरी शोधायच्या जेवढ्या साईट आहेत तेवढ्यांवर त्यानं नाव घातलं. सहा होत्या. प्रत्येकीवर प्रश्न असायचा, दुसऱ्या शहरात राहायला जायची तयारी आहे का? हा प्रत्येक ठिकाणी होय करायचा. पुणे, संभाजीनगर, नाशिक, हैदराबाद, दिसेल त्या शहराला होय. एका साईटवर करिअर निवडायची चाचणी होती. पन्नास प्रश्न. तुम्हाला माणसांत राहायला आवडतं का, उन्हात काम जमतं का, धीर किती आहे, असले. त्यानं इमानदारीनं उत्तरं दिली आणि साईटनं त्याला सांगितलं की तुम्ही पशुपालनाला अगदी योग्य आहात. पुनम हसून लोळायची बाकी राहिली. प्रभूही हसला. मला मात्र त्या कॉम्प्युटरच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

चाकणच्या एका कंपनीनं एकदा बोलावलं. गेला. रात्रभर एसटीत बसून गेला आणि रात्रभर बसून परत आला. त्यांनी आधार बघितलं आणि म्हणाले, तीसच्या आतलेच घेतो. तिथंही कागदावरचंच वय. त्या दिवसांत त्याची बायको मिना भाड्याच्या खोल्यांची साईट बघायची. नोकरीचा पत्ता नाही आणि हिनं पिंपरीकडची एक खोली हेरून ठेवलेली, आत नळ असलेली. प्रभूनं मला तो फोटो दाखवला होता. चांगली खोली होती.

तर गेल्या डिसेंबरात जाहिरात निघाली. पोलिसांची मोठी भरती, त्याच्या प्रवर्गाला वयाची अट तेहेतीस. शेवटची तारीख पाच दिवसांवर. प्रभू सकाळीच आला. पुनमनं नाव टाकलं, जात टाकली, जन्मतारीख टाकली, आणि चौकोन लाल झाला. वय तेहेतीस वर्षं सहा महिने. पुढचं पानच उघडेना. पुनमनं पुन्हा टाकली, पुन्हा लाल.

दुकानात आठ-दहा पोरं होती. प्रभू त्या लाल चौकोनाकडं बघत राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाला, "गुरुजी, मला बत्तीसच झाले. ही तारीख तुमी लिहिलेली हाय."

माझा पारा चढला. एवढ्या पोरांदेखत! मी म्हणालो, मग काय करू, फाशी घेऊ? तुझ्या बहिणीला शाळेत घालायला लिहिली, उपकार मान. दाखला तुझा, वय तुझं, इतकी वर्षं काय झोपला होतास? बरंच बोललो. त्यानं कागद पिशवीत घातले आणि गेला. पोरं खाली बघत बसली.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. चिडलो होतो, पण कुणावर चिडलो हे मलाच कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वस्तीवर गेलो. नामाजी ओट्यावर होता, आता डोळ्यांनी कमी दिसतं त्याला. मी प्रभूला म्हणालो, कागद घे, हिंगोलीला जायचं. मीच लिहून देतो की मी चुकलो. शपथपत्र करतो. चौकशी लावायची तर लावा म्हणावं माझ्यावर.

त्याचा चेहरा एकदम उजळला, ते मला अजून दिसतं. मिनानं घाईघाईनं त्याचा शर्ट बदलायला लावला.

कळमनुरीला शपथपत्र केलं, तिथून एसटीनं हिंगोली. शिक्षण खात्याच्या ऑफिसातला साहेब तरुण होता, बोलायला चांगला. मी मास्तर म्हटल्यावर उठून खुर्ची दिली. माझं शपथपत्र त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्याचा राग यावा असं तो एकही शब्द बोलला नाही, हेच वाईट. म्हणाला, गुरुजी, तुमी खरं बोलून राहिलात हे मला दिसतंय, पण दुरुस्ती पोरगं शाळेत असतानाच व्हते. एकदा दहावी झाली, बाहेर पडलं, की मग ती तारीख कुणालाच हलवता येत न्हाई. मी वाद घातला. आवाज चढवला. तो ऐकून घेत राहिला. मग त्यानं प्रभूला विचारलं,

"शाळेत असताना वडलांनी अर्ज काहून केला न्हाई? कुणी इचारायला बी गेलं न्हाई का?"

आणि मला आठवलं.

नामाजी आला होता. प्रभू सातवीत होता तेव्हाची गोष्ट. वस्तीवर मेंढरं घ्यायला येणाऱ्या ग्यानबा व्यापाऱ्यानं त्याला सांगितलं होतं की जन्मतारीख चुकली तर पुढं तकलीफ होते. नामाजी हात जोडून ऑफिसच्या दारात उभा होता. मी मतदार याद्या करत बसलो होतो, डोकं आधीच तापलेलं. त्याला म्हणालो, दीड वर्ष आधी नोकरी लागंल तुझ्या पोराला, फायदाच हाय की! कशाला माझ्या मागं काम लावतोस? आणि नामाजी 'बराबर हाय गुरुजी' म्हणून निघून गेला. एक अर्ज होता. दोन पंच आणि माझी सही. माझ्याच हातात होतं.

वीस वर्षं मला याची आठवण नव्हती. प्रभूला हे ठाऊक असेल तर तो आता सांगणार, आणि त्यानं सांगावंच, असं मला वाटलं.

प्रभू म्हणाला, "न्हाई साहेब. आमच्या बापूला काय कळतंय त्यातलं. कुणीच गेलं न्हाई."

मी गप बसलो. मी बोललो असतो तरी तारीख बदलली नसती हे खरं आहे. पण मी तेवढ्यासाठी गप बसलो नाही. मला लाज वाटली म्हणून गप बसलो. सत्तर वर्षांचा माणूस, गावोगावची पोरं पाया पडतात, आणि माझ्यासाठी त्या पोरानं आपल्या बापाला अडाणी ठरवलं.

येताना एसटीत कळमनुरीच्या पुढं आल्यावर मी कसंबसं विचारलं, तुझा बाप माझ्याकडं आला होता, ठावं हाय का तुला?

"मी तवा संगच होतो, गुरुजी," तो म्हणाला. "दाराबाहेर."

बाळापूरला उतरलो तेव्हा त्यानं माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला.

फॉर्मची मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. मला वाटलं दुसरी काही जाहिरात असेल. तर म्हणाला, वहिनी, सगळ्या साईटवरनं माझं नाव काढून टाका. पुनम म्हणाली, प्रभूभाऊ, राहू द्या की, खातं काय खायला मागतं का? तर त्यानं सांगितलं की रोज मेसेज येतात. तुमच्यासाठी बेचाळीस नवीन नोकऱ्या, तुमची प्रोफाईल कंपनीनं बघितली, असे. मोबाईल वाजला की मिना चुलीपुढून उठून येते. दर बारला तिला वाटतं, लागली. तेवढं बंद करा म्हणाला. तो उद्यापासून मेंढरं घेऊन वसमतकडं जाणार होता, बापूला आता चालवत नाही.

नाव घालायला जेवढा वेळ लागतो त्याहून काढायला जास्त लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. साईट सोडतच नाहीत. खरंच जायचं का, पुन्हा विचार करा, असं विचारतात. मग एका पानावर कारण विचारलं. पुनमनं वाचून दाखवलं. मनासारखी नोकरी मिळाली नाही. फार मेल येतात. नोकरी लागली. यातलं एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. तिनं विचारलं, भाऊ, काय टाकू?

प्रभूनं ओठ हलवत तिन्ही कारणं स्वतः वाचली.

"लागली म्हणून टाका, वहिनी," तो म्हणाला. "तिथं तरी."

पुनमनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, टाक. सहाही ठिकाणी तिनं तेच टाकलं. प्रभूनं एकेक नाव जाताना बघितलं, मग पिशवी उचलली आणि निघताना रिवाजाप्रमाणं माझ्या पाया पडायला वाकला. पाया पडणाऱ्या पोराला 'मोठा साहेब हो' म्हणायची माझी चाळीस वर्षांची सवय. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि मला काही म्हणताच आलं नाही. तो तसाच वाकून थांबला होता.