कडूकांदाचं पाणी

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांत मी एका विद्यापीठाच्या विस्तार विभागात हंगामी नोकरीला होते. काम काय, तर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जाऊन बायकांना उन्हाळ्यात काय खावं आणि कसं शिजवावं हे सांगायचं. मी वाढले कल्याणच्या चाळीत. कुकर लावता येत होता, त्यापलीकडे माझी धाव नव्हती. तरी तक्त्यांची गुंडाळी काखेत मारून मी डोळखांबच्या एसटीत बसायचे आणि आपल्याला फार कळतं असं समजायचे.

डोळखांबच्या पुढे एका पाड्यावर दर मंगळवारी एका घराच्या ओट्यावर माझा वर्ग भरे. त्या घरची सून खर्डीची, नुकतंच लग्न झालेली. बाकीच्या बायकांना हाका मारून तीच गोळा करायची. सासू मागे भिंतीला टेकून चिंचा फोडत बसायची. तिने कधी काही विचारलं नाही. ती ऐकते की डुलक्या घेते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

वैशाखात मी नवा तक्ता टांगला. भाजी शिजवलेलं पाणी फेकू नका, सगळं सत्त्व त्यातच उतरतं. तीन वेळा घोकून घेतलं. बायकांना पटलं. पटणारच, ओहोळ आटले होते आणि हंडे लांबच्या झऱ्यावरून यायचे. माझं बोलणं पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडलं म्हणून त्या दिवशी मी एसटीत खिडकीशी बसून स्वतःवरच खूश होते.

पुढच्या मंगळवारी ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. आत सासू घोंगडीवर पडलेली. घसा इतका सुजलेला की तोंडातून शब्द फुटेना. सून चुलीपाशी बसलेली आणि तिच्या शेजारी साड्यांचं बांधलेलं बोचकं.

काय झालं ते सासऱ्याने दारातूनच सांगितलं. कडूकांद हा रानातला कंद. त्याच्या चकत्या राख घालून उकडायच्या, पाणी ओतून द्यायचं, नवं घालायचं, पुन्हा उकडायचं. पाच-सहा पाणी बदलल्याशिवाय तो तोंडात घालायचा नसतो. परवा पहिल्याच पाण्यात शिजलेला कांद म्हातारीने खाल्ला आणि तेव्हापासून ती ओकत होती.

“पानी का नाय वतलं इचारलं, तर ही म्हनते मी इसरले,” त्याने सुनेकडे हात केला. “घरात थोरल्याची तीन पोरं हायत. उद्या त्यांना घातलं तर? सकाळच्या गाडीनं हिला खर्डीला पोचवतो.”

ही पोरगी विसरणारी नव्हे. मला वाटलं, मला वाचवायला खोटं बोलतेय. बोलावं तर नोकरी गेली, गप्प बसावं तर हिचा संसार. उगाच दोनदा चष्मा पुसला आणि एकदाचं बोलून टाकलं.

“दादा, चूक माझी आहे. पाणी फेकू नका असं मीच शिकवलं होतं.”

तो चक्क हसला. “बाई, तिला पाठीशी नका घालू. येवढी शिकलेली मानसं तुमी, चुकीचं कशाला सांगाल?”

मी तक्ता उलगडून दाखवला. त्याने मान डोलावली आणि पुन्हा तेच म्हणाला. गुन्हा कबूल करूनही तो कुणी माझ्या पदरात टाकेना! मला रडू येत होतं आणि रागही, कुणाचा ते सांगता आलं नसतं.

सुनेला ओट्यावर नेऊन विचारलं, “माझ्यासाठी कशाला खोटं बोललीस?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “तुमच्यासाठी? नाय ओ बाई. कांद आत्याबाईंनी शिजवला. त्या चुकल्या असं मी कसं सांगू? त्यांना आता बोलता पन येत नाय.”

आता मात्र माझं डोकं चालेना. जन्मभर कांद शिजवलेली बाई पाणी ओतायचं विसरेल? आणि एवढ्या मोठ्या घरात त्रास तिला एकटीलाच कसा?

तेवढ्यात आत थाळी आपटली. म्हातारी उठून बसली होती. घशाला हात लावून, एकेक शब्द ढकलत ती नवऱ्याला म्हणाली, “बोचकं सोडाय सांगा तिला. पानी मीच ठेवलं. इसरून नाय, जानून.”

मग माझ्याकडे वळली. “तुमी तीनदा सांगितलंत. मला वाटलं, आमीच येवढी वरसं सत्त्व फेकत आलो. पन नवी रीत आली की आमच्यात घरातली म्हातारी आधी खाते. तिला काय झालं नाय, तर दुसऱ्या दिशी पोरांना.”

सासरा बाहेर निघून गेला. सुनेने बोचक्याची गाठ सोडली आणि पेजेचं भांडं सासूच्या ओठाला लावलं. म्हातारीने दोन घोट कसेबसे गिळले, तोंड पुसलं आणि मला विचारलं, “आज काय आनलंय शिकवायला?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.