कॅमेऱ्याला कान नव्हते

शिरोली एमआयडीसीत, आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, मी दिवसभर एका पडद्यासमोर बसते. प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये आता कॅमेरा आहे. ड्रायव्हरचा डोळा लागला किंवा त्यानं जांभई दिली, की तिकडे भोंगा वाजतो आणि इकडे माझ्या पडद्यावर लाल चौकट येते. सोय उत्तम आहे, पण मला करमत नाही.

पूर्वी पडदा नव्हता, टेबलावर फोन होता. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर फाउंड्रीचा माल घेऊन कोकणात जायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. घाट उतरण्याआधी गगनबावड्याच्या टपरीवरून त्यांचा फोन ठरलेला. "ताई, धुकं लई हाय, पर उतरतोय. जेवून घ्या की तुमी." मामा गावच्या भजनी मंडळातले. घाट सुरू झाला की झोप जवळ येऊ नये म्हणून गळा मोकळा सोडून गायचे. टपरीवाला सांगायचा, परतीला ट्रक दिसायच्या आधी भजन ऐकू येतं. तो फोन आला की मी निवांत डबा उघडायचे. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं.

कॅमेरे बसले तेव्हा मामांच्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. पहिल्याच फेरीत घाटात त्यांच्या नावावर अकरा जांभया! क्लिप उघडून बघते तर मामा आ वासून, मान डोलावत गाताहेत. क्लिपला आवाज नव्हता. मी एकटीच खदखदून हसले. मालकांचा नियम मात्र कडक होता. पुन्हा असं झालं तर त्या ड्रायव्हरचा घाट बंद, मग एमआयडीसीतल्या एमआयडीसीत माल पोचवत बसायचं. मामांच्या जिवावर आलं. "शेवटची फेरीबी घाटातलीच पायजे, ताई," म्हणाले.

ती क्लिप मालकांना दाखवून दोन शब्द बोलायचे होते, बस्स. पण नव्या यंत्राविरुद्ध तोंड उघडायला मी कचरले. उलट मामांनाच म्हटलं, "मामा, एवढं वर्ष तोंड मिटून चालवा."

"व्हय," एवढंच म्हणाले.

पुढच्या चार फेऱ्या पडदा स्वच्छ. मी माझ्यावर खूश. मग एका दुपारी, मामा कोकणातून परतताना, घाट चढून सरळ रस्त्याला लागल्यावर लाल चौकट आली. या वेळी जांभई नव्हती, डोळे मिटले होते. मी लगेच फोन लावला. भोंग्यानं जाग येऊन त्यांनी ट्रक उसाच्या फडाशेजारी उभा केला होता.

"यंत्रानं वाचिवलं, ताई. पर इतकी वरसं मी गाण्यानं जागा ऱ्हायलो, ह्ये तुमास्नी ठावं हुतं की."

ठाऊक होतं. म्हणून तर मी डबा निवांत उघडत होते.

मालकांकडे जाऊन सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण डोळा लागला तो लागलाच होता. मामांचं उरलेलं वर्ष शिरोलीतच गेलं. ऑफिससमोरून जाताना काच खाली करून हात करायचे. गाताना एकदाही ऐकू आले नाहीत.

आता जांभईची चौकट आली की मी आधी फोन करून विचारते, "गाणं म्हणताय का?" ड्रायव्हर हसतात आणि म्हणतात, न्हाय ओ, झोप आलीया. मग मी त्यांना चहाला थांबवते. अजून एकानंही व्हय म्हटलेलं नाही.