पगारात धरलेलं घर

दोरखंडाच्या कारखान्यातल्या पगारमास्तरला सगळे ‘कायदेबुवा’ म्हणायचे आणि तो खूश व्हायचा; चेष्टा कळण्याचा अवयव देवानं त्याला दिलाच नव्हता. शिंक आली तरी आधी नियम बघेल, असं त्याची मेहुणी म्हणायची. तीस वर्षांत त्याचा एक कागद उशिरा गेला नव्हता. नवा फॉर्म आला की आधी तो स्वतःचाच भरायचा, कर-कचेरीत धाडायचा आणि त्याची प्रत ऑफिसच्या भिंतीला डकवायचा. बाकीच्यांनी ती बघून आपापला भरायचा. हौसच ती, दुसरं काय.

राहायला कारखान्याच्याच दोन खोल्या, मागच्या आवारात. यंत्रं सुरू झाली की भिंती थरथरायच्या आणि फडताळातल्या कपबशा दिवसभर चुगल्या केल्यासारख्या किणकिणत राहायच्या. भाडं नव्हतं, एवढंच त्या घराचं सुख. बायकोच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा ती सरकारी दवाखान्यात मशीनवर रक्त साफ करून घ्यायची, तेही फुकट. पगार ठरावीक मर्यादेच्या आत असला की तिथं हिरवं कार्ड मिळे, आणि मास्तरचा पगार जेमतेम आत होता. तिचा जीव त्या कार्डावर चालला होता.

अशात कर-कायदा बदलला. आजवर पगार म्हणजे हातात पडणारी रक्कम. नव्या व्याख्येत नोकरीपायी मालक जे जे देईल ते सगळं पगार: घर, दुपारचं जेवण, ने-आण करणारी बस. ज्याची त्याची बाजारभावानं किंमत धरायची. यंदा जुनी व्याख्याही चालेल, पुढच्या वर्षी नवीच. मात्र नवी एकदा घेतली की माघार नाही.

‘यंदा चालेल’ हे शब्द मास्तरला शिवीसारखे लागले. उद्या करायचंच ते आज का नको? त्यानं आसपासच्या घरांची भाडी विचारली, आपल्या दोन खोल्यांची चोख किंमत काढली, थरथरणाऱ्या भिंतींसाठी चार पैसेसुद्धा कमी केले नाहीत, आणि ती पगारात मिळवली. फॉर्म गेला. प्रत भिंतीवर चढली.

मालकाच्या वकिलानं ती वाचली आणि फाडून काढली. सगळ्यांचे फॉर्म यंदा जुन्याच व्याख्येनं जातील, पुढचं पुढं बघू, असं ठरलं. दीडशे माणसं वाचली. एकटा मास्तर मोठ्या पगाराचा धनी झाला. हातात येणारे पैसे होते तेवढेच.

दवाखान्यातली मर्यादा कर-कायद्यातल्या पगारावरूनच मोजत. दोन महिन्यांनी खिडकीतल्या कारकुनानं हिरवं कार्ड आतच ठेवून घेतलं. घर काही खाता येत नाही की मोडून मशीनचे पैसे भरता येत नाहीत, असं मास्तर सांगत राहिला. कारकुनानं कागद त्याच्याकडे फिरवला.

“सही तुमचीच ना, काका?”

त्याचीच होती, खाली दुहेरी रेघ ओढलेली. तीस वर्षं तो स्वतः लोकांना हेच विचारत आला होता. भांडायचं कसं, तेच त्याला ठाऊक नव्हतं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. आता घर सोडलं तरी हे वर्ष हातचं गेलंच; कार्डासाठी पुढच्या वर्षी अर्ज. ती पदराचं टोक चाळवू लागली.

“म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या पगारात राहत होते म्हणायची.”

“नियमच तसा आहे.”

“अहो, नियमाला मी कुठं नावं ठेवते? मला एकदा विचारायचं तरी होतंत. दिवसभर या घरात कोण असतं?”



पदरचे पैसे घालून मशीन आठवड्यातून एकदाच जमणार होतं. ते तिनंच ठरवून टाकलं आणि बहिणीला हसत सांगितलं, बरं झालं, निम्मी पायपीट वाचली. बहीण हसली नाही. तिसऱ्या आठवड्यात बायकोचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. मास्तरनं आपल्या काढून तिच्यापुढं ठेवल्या, तिला दंडाला धरलं आणि अनवाणीच दवाखान्याकडे निघाला. तिचा मशीनचा वार दोन दिवसांनी होता. हे त्याला पक्कं माहीत होतं, तरी तो खिडकीपुढं जाऊन उभा राहिला.