नावाड्याची टकळी

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः तक्रारी लिहायच्या, असा त्याचा दिनक्रम. दिवसाच्या तक्रारी लिफ्टच्या असतात, संध्याकाळच्या एका खेळाच्या. हॉलमधल्या टीव्हीला त्याने एक यंत्र जोडलंय, त्यावर तो राक्षस, चेटकिणी आणि उडत्या सापांच्या राज्यात तलवार घेऊन हिंडतो. त्या खेळाचे खेळाडू जगभर आहेत, त्यातली पात्रं मराठीतही बोलतात, आणि इंटरनेटवर मराठी खेळाडूंचा एक चव्हाटा आहे. तिथे खेळण्यापेक्षा कुरकुर जास्त चालते. तिथे ह्याचं नाव ‘पेचकस’. हा माणूस कुठलाच स्क्रू ढिला सोडत नाही, अशी त्याची कीर्ती. आमच्या बाथरूमच्या कडीचा स्क्रू मात्र लग्न झाल्यापासून ढिला आहे.

कामात तो हुशार आहे, हे मला कबूल करावंच लागतं. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की हा आधी दाराला तोंड लावून त्या माणसाशी गप्पा सुरू करतो. कुठे राहता, काय करता, मुलं किती, आज बाजारात काय घेतलं. हाताने काम चालू आणि तोंडाने गप्पा चालू. आतल्या माणसाला वेळ कसा गेला ते कळतही नाही. ‘लिफ्ट फार हळू जाते’ अशी तक्रार आली तर तो मोटरला हातसुद्धा लावत नाही. आत एक आरसा बसवून देतो. “लिफ्ट हळू नसते गं,” मला म्हणतो, “माणूस रिकामा असतो. त्याला बघायला काहीतरी दिलं की तक्रार बंद.” एवढं शहाणपण असलेला माणूस संध्याकाळी ते कुठे गहाण टाकतो कोण जाणे.

सासूबाईंनी उभं आयुष्य शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवण्यात घालवलं. सासरे लवकर गेले, आणि एकुलता एक मुलगा त्यांनी त्या कॉलरींवरच वाढवला. डोळे त्यातच गेले. आता जवळचं अक्षर भिंगातूनही धड दिसत नाही. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि त्या घरात अडकल्या. बसून बसून चिडचिड व्हायला लागली, तेव्हा ह्यानेच त्यांना खेळात एक पात्र करून दिलं. झाडपाला गोळा करणारी एक म्हातारी. बटणंही शिकवली. “आई, मारामारीच्या भानगडीत पडू नकोस. नुसती फीर.”

त्या फिरायला लागल्या. आम्ही दोघं कामाला गेलो की दुपारभर त्या राज्यात पाला खुडत हिंडायच्या. मुलगा यायच्या आत यंत्र बंद करून, फडक्याने पुसून, रिमोट जागच्या जागी. खेळताना त्याने पाहिलेलं त्यांना नको असायचं. “या वयात काय हे, असं वाटतं गं,” मला म्हणायच्या. हा मधूनमधून विचारायचा, “काय, किती पाला झाला?” आणि उत्तर ऐकायच्या आत फोनमध्ये डोकं घालायचा.

मग त्या खेळाचा जोडभाग आला. म्हणजे मूळ राज्याला मागाहून चिकटवलेला एक नवा मुलूख, इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. खेळाडू वर्षभर त्याच्याकडे डोळे लावून बसले होते, आणि आल्याबरोबर सगळ्यांनी मिळून त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. ह्याला वाट पाहणं म्हणायचं की दबा धरणं, मला अजून कळलेलं नाही. त्या मुलखात मधोमध धुक्याने भरलेलं एक तळं होतं. पलीकडे जायचं तर नावेतूनच जायचं. नाव संथ चालायची आणि नावाडी वल्हवता वल्हवता बोलत राहायचा. ह्याला पलीकडे कुठल्याशा राक्षसाची मुंडी उडवायची घाई होती. हा जाम भडकला.

त्याने चव्हाट्यावर लांबलचक लिहिलं, आणि मी इस्त्री करत असताना मला वाचूनही दाखवलं. “आम्ही इथे लढायला येतो, जलविहाराला नाही. त्या म्हाताऱ्याची टकळी ऐकायला वेळ कुणाला आहे? ज्याला घरी कुणी विचारत नाही त्याने खुशाल ऐकत बसावं.” मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. भाषा झणझणीत होती म्हणून मी हसले. चव्हाट्याने तर ते डोक्यावर घेतलं. कुणा एकाने बिचकत लिहिलं होतं, “मला नाव आवडते. जरा थांबल्यासारखं वाटतं.” त्याला ह्याने उत्तर दिलं, “झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे जा.” त्यावरही टाळ्या पडल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

काही आठवड्यांनी खेळ बनवणाऱ्यांनी सुधारणा पाठवली. खेळाडूंच्या इच्छेनुसार बरेच बदल केले होते, आणि ज्यांच्या सूचना उपयोगी पडल्या त्यांचे आभार मानले होते. त्यात पेचकसाचं नाव. हा जेवणाच्या ताटाशेजारी फोन ठेवून ते पुन्हा पुन्हा वाचत होता. “आई, एवढ्या मोठ्या कंपनीने तुझ्या मुलाचं ऐकलं. एक कटकट कायमची काढून टाकायला लावली मी.” कसली कटकट, ते आम्ही दोघींनीही विचारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “हुशारच आहेस तू.” खरोखर अभिमानाने म्हणाल्या.

त्यानंतरच्या सुट्टीच्या सकाळी हा चहा पीत बसला होता. सासूबाई काठी टेकत आल्या आणि त्याच्या समोर बसल्या. हातून कपबशी फुटलेल्या मुलीचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“रागावू नकोस,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून तुझं यंत्र बिघडलंय.”

“काय झालं?”

“माझं बोट कुठल्यातरी भलत्या बटणावर पडलं असणार. तो नावेतला माणूस बोलायचा बंद झालाय. बसलं की लगेच पलीकडचा काठ. मी परत परत बसून पाहिलं. हूं नाही की चूं नाही.”

मी विचारलं, “कुठला माणूस, आई?” तेव्हा त्यांनी सांगितलं. रोज दुपारी त्या नावेत बसायच्या. पलीकडे त्यांचं काहीच काम नव्हतं. जायच्या आणि परत यायच्या. नावाडी एका खेपेला गोष्टीचा एकच तुकडा सांगायचा. त्याची बायको भांडून तळ्यापलीकडे निघून गेलेली. तेव्हापासून हा नाव चालवतोय, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतोय. “ती परत आली का, एवढंच राहिलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “शेवटचं सांगायचं ठेवलं होतं त्याने पुढच्या खेपेला. तेवढ्यात मी बिघडवलं.”

“एवढं काय आवडलं तुम्हाला त्याच्यात?” मी सहज विचारलं.

“घरात सगळे माझ्याशी चालता चालता बोलतात गं. तू पर्स शोधत, हा बूट घालत. तो बसून बोलायचा.”

मलाही ते लागलं. पण माझं बाजूला ठेवते, कारण ह्याच्या चेहऱ्याकडे माझं लक्ष गेलं. त्याचा कप अर्ध्यात थांबला होता आणि कान लाल झाले होते. तिथेच, त्याच मिनिटाला सांगून टाकलं असतं तर प्रकरण मिटलं असतं. आई दोन शब्द बोलली असती आणि संपलं असतं. पण तो म्हणाला, “बघतो.” लिफ्टवाल्यांचं ‘बघतो’ मला चांगलं माहीत आहे.

आणि त्याने खरंच बघितलं. कामाची पिशवी आणली, यंत्र उलटं केलं, मागचं झाकण खोललं. सासूबाईंना टॉर्च धरायला लावला. धडधाकट यंत्राच्या पोटात हा फुंकर मारत होता, एकेक स्क्रू काढून परत बसवत होता, आणि आई उजेड दाखवत होती. “सुट्टीच्या दिवशी तुला माझ्यामुळे ताप,” त्या म्हणत होत्या. ह्याने मान वर केली नाही. “धूळ बसलीये,” म्हणाला. “वेळ लागेल.”

स्वयंपाकघरात मी त्याला गाठलं, तेव्हा त्याने सगळं ओकलं. मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. “लोकांच्या लिफ्टमध्ये आरसे लावत फिरतोस,” मी म्हटलं, “आणि आईचा आरसा उखडून आलास. जा, सांग त्यांना.”

“सांगतो.”

“आत्ता.”

“सांगतो म्हटलं ना.”

नाहीच सांगितलं. उद्या सांगतो, कामाचा ताण आहे, आईचा मूड बघून सांगतो. तिकडे सासूबाईंनी रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून मला कपाटात वरच्या फळीवर ठेवायला दिला. माझा हात पुन्हा लागायला नको, म्हणाल्या. शेजारीण आली की तिला सांगायच्या, “आमच्या मुलाचं एवढं महागाचं यंत्र, मी मेलीने बिघडवून ठेवलं. पण तो एका शब्दाने बोलला नाही हो.” हा त्याच खोलीत असायचा. एकदा तर शेजारीण त्याला म्हणाली, “असा मुलगा मिळायला भाग्य लागतं.” तो उठून आत गेला आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभा राहिला.

आईला तोंड दाखवता येईना, म्हणून तो चव्हाट्यावर गेला. लिहिलं, माझं चुकलं, नाव होती तशी परत आणा. आता चव्हाटा काय सोडतो? “पेचकस उलटा फिरला वाटतं.” “काका, झोप लागत नाही का? डॉक्टरकडे जा.” त्याचंच वाक्य, त्याच्याच गळ्यात. बनवणाऱ्या कंपनीने फार सभ्य उत्तर दिलं: आपल्यासारख्या जाणकार खेळाडूंच्या सूचनेवरूनच हा बदल केला आहे, आपले मनःपूर्वक आभार. मग त्याने विचारलं की निदान नावाड्याची गोष्ट शेवटपर्यंत कुणी ऐकली आहे का. बहुतेकांनी ती मधूनच तोडलेली. शेवटी कुणीतरी एका व्हिडिओचा पत्ता दिला. एका टवाळ खेळाडूने नावेची टिंगल करायला शेवटची खेप आख्खी चित्रित करून ठेवली होती.

ह्याने तो कानात इअरफोनची बोंडं घालून एकट्याने पाहिला. पाहून झाल्यावर माझ्याकडे आला. “मिळालं. पण आईला ऐकवता येणार नाही.” का, ते त्याने मला ऐकवलं, आणि मला त्याची पहिल्यांदाच दया आली. तरी मी म्हटलं, “त्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, ऐकूनच जे मिळेल ते. तू ठरव.” तो जिन्यात जाऊन बसला. परत आला तेव्हा त्याने कपाटातली पिशवी काढली, दातांनी गाठ सोडली, रिमोट टेबलावर ठेवला आणि आईला स्वतः हात धरून टीव्हीसमोर आणलं.

पडद्यावर धुकं होतं. वल्ह्याचा आवाज, मग तो जाड, सावकाश आवाज. सासूबाई पुढे झुकल्या. “हाच. हाच तो.” नावाडी सांगत होता की त्या वर्षी थंडी लवकर पडली, तो काठावर दिवा लावून बसायचा, आणि एका पहाटे धुक्यातून कुणीतरी त्याला हाक मारली. तेवढ्यात दुसराच एक आवाज खिदळत वर आला. “ऐका मंडळी, आपले पेचकस काय म्हणतात,” असं म्हणून तो जोरजोरात वाचायला लागला. जलविहार, म्हाताऱ्याची टकळी, ज्याला घरी कुणी विचारत नाही, सगळं.

“हा कोण मेला मध्येच बोलतोय?” सासूबाई म्हणाल्या.

ह्याने व्हिडिओ थांबवला. आहे कुणीतरी टवाळ, एवढं म्हणून त्याला सुटता आलं असतं. मला वाटलं, आता तेच म्हणणार.

“बोलणारा दुसरा आहे, आई. वाचतोय ते मी लिहिलेलं आहे. नावेतलं ते बोलणं काढा म्हणून मीच मागे लागलो होतो, म्हणून त्यांनी काढलं. तुझ्या हातून काही बिघडलं नाही. तू सांगितलंस त्याच क्षणी मला कळलं होतं. यंत्र खोललं ते नुसतं नाटक होतं.” एवढं बोलून तो जमिनीकडे बघत बसला.

सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मी नाही बिघडवलं.” त्यांचे खांदे एकदम सैल पडले. “बाई बाई. रोज आठवत बसायचे रे, कुठलं बटण, कुठलं बटण.” आणि त्या हसल्या. दोन मुस्कटात दिल्या असत्या तर ह्याला बरं वाटलं असतं. त्या हसल्या, आणि हा मेल्याहून मेल्यासारखा झाला.

“परत लाव,” त्या म्हणाल्या. त्याने लावलं. त्यांनी कान टीव्हीजवळ नेला. दिवा, थंडी, हाक, आणि वरून त्याची वाक्यं, खणखणीत. खाली नावाड्याची नुसती गुणगुण. “अजून एकदा.” पुन्हा तेच.

“नाही लागत रे,” त्या मागे सरकत म्हणाल्या. “तुझं वाचून संपतं तोवर त्याचं सांगून झालेलं असतं.” मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्या आशेने ह्याच्याकडे वळल्या. “पण तू तर कितीदा गेला असशील त्या नावेतून. तूच सांग ना. हाक तिचीच होती का?”

तो म्हणाला, “मला माहीत नाही, आई. मी नावेत बसलो की टीव्हीचा आवाज बंद करायचो.”